सुशीलाबाईंची प्रतवारी

काल नंदनवन कॉलनीतल्या घरी संत्रं सोलताना सालीचा झणझणीत तुषार डोळ्यांत गेला आणि मला हसू फुटलं.

तीस वर्षांपूर्वी मी काटोलच्या एका संत्र्याच्या गोदामात नवा मॅनेजर होतो, तोही टाय लावणारा. आल्याआल्या मी फर्मान काढलं, की मोठं फळ ते पहिल्या प्रतीचं. माल निवडणाऱ्या सुशीलाबाई मात्र माझी मोठी फळं सगळ्यांदेखत बाजूला फेकत. "आजच्या आज बाई सरळ झाली नाही, तर तुम्ही घरी," मालकांनी बजावलं.

मी उद्धट वर्तनाबद्दल मेमो लिहिला आणि सुशीलाबाईंपुढे धरला. "आणि मला साहेब म्हणायचं."

"म्हणीन ना. पहिले हे सोल गा."

ते माझ्या ढिगातलं सर्वांत मोठं फळ होतं. आत कोरडा चोथा निघाला. मग त्यांनी एक लहानसं, जड फळ दिलं. त्याचा रस मनगटावरून थेट बाहीत गेला. बायका खिदळल्या.

"हातात जोखून पाहा लागते. तुले काहून ठेवलं मालकानं?"

मेमो खिशात घालून मी पोत्यावर बसलो आणि ट्रक भरेपर्यंत त्यांच्या हाताखाली फळं जोखत राहिलो. तेव्हा कान लाल झाले होते. आज वाटतं, सगळ्या नोकरीत तेवढ्या एकाच दुपारी मी काही शिकलो.

संध्याकाळी मालकांनी विचारलं, "काय, सुधारली का बाई?"

"खूपच," मी म्हणालो.