आजोबा वाट बघतायत

मंडळी, आज दुपारी मांडवीला माहेरी पोचले. कॅनडाहून दोन विमानं, पुढे मुंबईहून गाडी. सोबत चार वर्षांचा ईशान आणि कडेवर तान्ही.

भाऊ फोनवर एवढंच म्हणाला होता, "बाबांना बरं नाही, निघ." विमानात ईशान रडून हैराण. मी दर वेळी सांगायचे, "आजोबा वाट बघतायत."

घरात आले, तर बाबांच्या खाटेच्या जागी जमिनीवर दिवा. मी निघायच्या आधीच बाबा गेले होते.

भाऊ म्हणाला, "दोन पोरं घेऊन एकटी कशी आली असतीस गो? म्हणून नाही सांगितलं."

सगळ्यांना ठाऊक होतं, मी सोडून.

ईशान दारात बसलाय. आजोबा कधी येणार, विचारतोय. खरं सांगू, की मीही भावासारखंच करू?