वगळायला हवी होती, ती रेवा

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. देवळाली कॅम्पात वाढले. तोफांच्या सरावाने आमच्या खिडक्या थरथरायच्या, तेव्हाही घरात कुणी भुताचं नाव घेतलं नाही!

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी नाशिकरोडच्या एका क्लासात सी प्लस प्लस ही कॉम्प्युटरची भाषा शिकत होते आणि घरच्या वंशावळीचा प्रोग्रॅम लिहीत होते. एकच माणूस दोनदा भरला गेला, तर दुसरी नोंद गाळायची, एवढी त्याची अक्कल.

तेव्हाच वहिनीला जुळ्या मुली झाल्या. मोठी घरी आली, धाकटी मात्र नाशिकला दवाखान्यात... काचेच्या पेटीत. बाराव्या दिवशी बारसं. आई म्हणाली, "एकीचंच करू. दुसरी घरी आली की बघू."

आई का घाबरत होती, ते सगळ्यांना कळत होतं. वहिनीने माझा हात धरला. "वन्सं, ती बिनानावाची गेली तर हो? तुम्ही आत्या ना तिच्या?"

दुसरं काय करणार... क्लासाच्या कॉम्प्युटरवर दोन्ही नावं भरली, मुक्ता आणि रेवा, आणि वंशावळ छापून वहिनीच्या उशाशी ठेवली. आईने तो कागद उचलला. दोन्ही नावांवरून बोट फिरवलं.

"कागदावर दोघी आल्यात," डोळे पुसत म्हणाली, "मग नावंही दोघींची ठेव."

मुक्ताचं पाळण्यात झालं. मग मी बसने दवाखाना गाठला. पेटीच्या गोल झरोक्याशी वाकून "कुर्रर्र... रेवा" म्हटलं. आत्याच्या पाठीत बुक्के घालायला तिथे बायका कुठल्या? नर्सबाईंनीच हळूच एक घातला. मी हसता हसता रडले.

रेवा जगली. महिन्याभराने घरी आली.

नंतर क्लासातल्या सरांनी माझा कोड पाहिला. "अहो, हे चालेलच कसं?"

चूक माझीच. नोंदी सारख्या आहेत का, ही तुलना मी फक्त मूळ क्लासात लिहिली होती (सी प्लस प्लसमध्ये क्लास म्हणजे नोंदीचा साचा). त्यात आईवडील, आडनाव आणि जन्मतारीख. मुलाचं नाव होतं त्यातून निघालेल्या क्लासात आणि तिथे तुलना लिहिलीच नव्हती. कॉपी करायची सोय कंपायलर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत भाषांतर करणारा प्रोग्रॅम, न सांगता करतो, तशी तुलनेचीही करेल, असं मी धरून चालले. तो करत नाही. तो मूळ क्लासाचीच तुलना वापरतो, आणि तिला मुलाचं नाव दिसतच नाही. जुळ्या तिच्या लेखी एकच! म्हणजे रेवा गाळली जायलाच हवी होती.

सरांसमोर प्रोग्रॅम चालवला. एकटी मुक्ता आली. पुन्हा चालवला... पुन्हा मुक्ताच.

मग त्या दिवशी दोघी कशा आल्या? कोड तोच, मशीन तेच. सरांनी डोकं खाजवलं. मी अजून खाजवतेय.

चार ओळींत ती चूक दुरुस्त झाली असती. मी केली नाही. दर वाढदिवसाला ती जुनी फाइल चालवते. पडद्यावर एकच नाव येतं... आणि मागून रेवा ओरडते, "आत्या, माझा केक मुक्तीने खाल्ला!"