मामीचा आवाज बीटवर
ओल्या हळदीचा वास आला की माझे कान गरम होतात. गारखेड्यात मामेबहिणीची हळद होती आणि डीजे मी, म्हणजे घरचाच फुकटचा उस्ताद. आदल्या वर्षी वारलेल्या मामीनं गायलेलं हळदीचं गाणं बहिणीच्या फोनमध्ये होतं, ते देताना ती म्हणाली, "दादा, आईचा आवाज तेवढा नीट लाव." मी म्हणालो, "नुसता लावतो काय, बीटवर बसवतो!" मामी गायची संथ, माझ्या बीटची ढोलकी पळणारी. मी गाण्याचा वेग वाढवला आणि दोन बोटांनी डीजे कंट्रोलरची गोल चकती, म्हणजे जॉग व्हील, ढकलत ठेका असा जुळवला की स्वतःवरच खूश झालो. वेग वाढला तरी सूर चढू नये म्हणून कंट्रोलरवर एक बटण असतं. ते दाबायचंच राहिलं. मामीचा भरदार आवाज उंदरासारखा चिरचिरला. मांडव खो-खो हसला. मला वाटलं, रंग चढला. मी आवाज आणखी वाढवला. मामांनी हळदीच्या हातानं माझं मनगट धरलं. "बंद कर बाबा, लोकं तिला हसायलेत." आता मी ते बटण सगळ्यात आधी दाबतो. बहीण मात्र म्हणते, मूळ गाणं लावलं तरी तिला आधी ते हसूच ऐकू येतं.