लेन्सच्या कव्हरातला झेंडू

कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात कपाट उघडलं आणि चामडी कव्हरातून ओल्या पोत्यासारखा कुबट वास आला. बाबांची कॅमेऱ्याची लेन्स बोरीवलीच्या माझ्या घराच्या खिडकीत उजेडासमोर धरून पाहिली, तर आतल्या काचेवर पांढऱ्या बुरशीचे तंतू पसरलेले. मेले, म्हटलं! रविवारी बाबांना विक्रोळीच्या खाडीवर न्यायचं ठरलं होतं, आणि त्यांनी फोनवर तीनदा बजावलं होतं, “माझी लेन्स आण हं.”

बाबा विक्रोळीतल्या एका कारखान्यात फिटर होते. सुटीच्या पहाटे ते खाडीवर जात आणि ओहोटीनंतरचा चकाकता चिखल, खारफुटीच्या काळ्या मुळ्या, त्यांच्यामागून उगवणारा सूर्य टिपत. त्यांच्या फोटोंत उजेड असा काही मऊ, दुधाळ होऊन सांडलेला असे, की त्या उजेडाच्या शोधात मी कितीतरी वर्षं घालवली, ट्रायपॉड घेतले, फिल्टर घेतले, धुक्याच्या सकाळी भांडुपपासून मुलुंडपर्यंत सगळं पालथं घातलं. पण तो काही माझ्या फोटोत उतरला नाही. निवृत्तीनंतर त्यांनी लेन्स माझ्या हाती दिली, तेव्हा ती वापरायचा धीरच झाला नाही. आमच्याकडे खंडेनवमीला पान्यापासून कात्रीपर्यंत सगळ्या हत्यारांची पूजा होते. तशी मीही दरवर्षी लेन्स पाटावर मांडायची, झाकण न काढताच गंधफूल वाहायची आणि पुन्हा कपाटात ठेवून द्यायची.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत कॅमेरे दुरुस्त करणारे एक मालवणी काका आहेत. बुरशीनं काच खाल्ली असेल तर इलाज नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. मग त्यांनी कव्हर झटकलं आणि टेबलावर झेंडूच्या काळपट, चिकट पाकळ्या पडल्या.

“गो बाय, पूजा करतंस काय हेची?”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. काका लेन्स उघडून कितीतरी वेळ पुसत राहिले, आणि मी समोरच्या स्टुलावर बसून त्या पाकळ्या एकेक करून गोळा केल्या. शेवटी म्हणाले, “वाचलंस. काच खाल्लली नाय. कडेचो ह्यो एक डाग ऱ्हवतलो, पण तो जुनो आसा, तुझो नाय.” बाहेर पायरीवर उभ्याउभ्या प्यायलेला तो कटिंग चहा मला अमृतासारखा लागला.

रविवारी खाडीच्या बांधावर बाबांनी लेन्स आभाळाकडे धरली आणि नेमका तो डागच बघत राहिले. मला राहवेना. पूजा, पाकळ्या, बुरशी, सगळं एका दमात सांगून टाकलं. आता ओरडतील म्हणून मान खाली घातली, तर बाबा इतके मोठ्यानं हसले की चिखलातले बगळे उडाले.

“अगं वेडे, तो डाग माझा! घेतली तेव्हा खराब होईल म्हणून दोन वर्षं मीही नुसती फुलंच वाहिली. बुरशीचा डाग पडला, मग तशीच वापरली. सूर्यासमोर धरली की फोटोत जरा दुधाळ यायचं. म्हटलं, येऊ दे.”

हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं मी शोधत होते तो उजेड माझ्याच कपाटात, झेंडूखाली बंद होता.

“बघत काय बसलीस? सूर्य थांबणारे का तुझ्यासाठी? काढ फोटो!” बाबा म्हणाले.

काढले. ऊन चढेपर्यंत काढत राहिले. कव्हर तेवढं उन्हात वाळत घातलं होतं. घाटकोपरपर्यंत रिक्षा आल्यावर आठवलं, ते बांधावरच राहिलं. लेन्स कॅमेऱ्याला लावलेली, कॅमेरा माझ्या गळ्यात. मी रिक्षा मागे वळवायला सांगितलं नाही.