म्हैस, वटवाघूळ आणि माझी सातवी

पॉवरलूमखाली कापूस कसा साठतो? सकाळी झाडला तरी शिफ्ट संपेस्तोवर पुन्हा तेवढाच! आमच्या टेमघरच्या शाळेतले किस्से तसेच. त्यातून त्या वर्षी मी सातवीत तिसऱ्यांदा! बापाने बजावलेलं, "आता नापास झालास का शाळा बंद. सरळ लूमवर!"

*

गुरुजी शिकवत होते, "म्हैस आणि वटवाघूळ, दोघंही सस्तन. पिल्लाला दूध पाजतात. म्हणजे लांबचे नातेवाईक. आपणसुद्धा त्याच घरचे!"

माझ्या मागचा बाळ्या भडकला. त्याच्या गोठ्यात गंगी म्हैस. "गुरुजी, मला काय पन बोला. गंगीला मधे आनू नका!"

दुसऱ्या दिवशी त्याचा आजा काठी घेऊन शाळेत हजर! "माझ्या म्हशीला उलटी टांगलेली सोयरीक कोनी जोडली?"

*

मग घरचा अभ्यास : दोघांतला फरक लिहा. मी लिहिलं, "म्हैस डे शिफ्टला, वटवाघूळ नाईटला."

छडी बसली! शेजारचे लूमवाले चाचा मात्र वही बघून खूश. "सही लिखा है बेटा. लेकिन जुम्मे की छुट्टी किसको?"

*

गुरुजी म्हणाले, वटवाघूळ अंधारात आवाजावर रस्ता काढतं. आम्ही म्हटलं, नातेवाईक हाय ना, मग गंगीला पन जमंल! बांधलं तिच्या डोळ्यांवर गोणपाट. निघाली हंबरत, ऐटीत. थेट गुरुजींच्या सायकलवर!

चाकाचा पापड झाला. गुरुजींनी माझा कान धरला. "परवा डिप्टीसाहेब तपासणीला येतायत. त्यांच्यापुढे तोंड उघडलंस तर नापास!"

*

डिप्टीसाहेब आले. कोट, टाय, सगळा थाट. मी ओठांवर बोट ठेवून गप्प. बाकावर माझा पत्र्याचा डबा, डब्यात गोडाऊनमधलं वटवाघूळ. गुरुजींना दाखवायला आणलेलं, देवाशप्पथ!

"यात काय आहे रे?" साहेबांनी विचारलं.

मी गप्प.

साहेबांनी स्वतःच झाकण उघडलं. वटवाघूळ फडफडलं आणि त्यांच्या टायला लटकलं. उलटं!

साहेब खांबासारखे उभे. मागून बाळ्या म्हणतो, "हलू नका साहेब. आपल्याच घरचं हाय."

"काढ रे ते!" गुरुजी ओरडले. माझं बोट ओठांवरच. "अरे, बोल की काहीतरी!"

मी बोट काढलं. "बोल्लो तर नापास ना, गुरुजी?"

"पास करा हो त्याला!" साहेब किंचाळले.

मी सावकाश उठलो. "साहेब, नुसत्या शास्त्रात, का गणितात पन?"