टाइलला टेकून बघणारे ताईचे सासरे

दुसऱ्यांच्या बाथरूमच्या भिंती इतक्या मन लावून बघणारा माणूस ताईच्या सासऱ्यांखेरीज उभ्या मराठवाड्यात नसेल. ताईला बघायला आले तेव्हा पोहे खाऊन हात धुवायला म्हणून आत गेले ते बराच वेळ बाहेरच येईनात. वडील दाराशी घुटमळत होते आणि आतून फक्त भिंतीवर बोटं वाजवल्याचा आवाज येत होता. शेवटी बाहेर येऊन समाधानानं म्हणाले, "घर चांगलं आहे. एकही टाइल पोकळ वाजत नाही." लग्न ठरलं. मुलीला त्यांनी काय विचारलं, ते आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही. पुढं एकदा त्यांना वेरूळला नेलं, तर लेण्यात सगळे मान वर करून मूर्ती बघत होते आणि हे कोपऱ्यात वाकून, पाणी झिरपून दगड कुठपर्यंत ओला झालाय ते बघत होते.

गेल्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या बाथरूमची पाळी आली. ताईच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या विश्रांतीला नाशिकला लेकीकडं राहिल्या. त्या परत येण्याआधी शॉवरच्या भिंतीच्या टाइल्स बदलायचं ठरलं. जुन्या उखडून झाल्या, पण नव्या काही ठरेनात. घरचे सगळे आंघोळीला शेजाऱ्यांकडं जाऊ लागले. ताईनं चकचकीत निळ्या टाइल्स सुचवल्या, तिच्या दिरानं झटपट बसणारे प्लास्टिकचे पॅनल. सासऱ्यांनी दोन्हीला नाही म्हटलं आणि कारण काही सांगेनात. शेवटी वैतागून ताईनं मला त्यांच्याबरोबर क्रांती चौकाजवळच्या एका दुकानात पाठवलं.

तिथं त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली आणि साबणाची वडी काढली. चष्मा खिशात ठेवला, कारण आंघोळीला कुणी चष्मा लावत नाही. मग एकेक नमुना उभा करून ओला करायचा, तळहाताला साबण चोळायचा आणि अंगाचा सगळा भार टाकून त्यावर हात टेकायचा. निळ्या टाइलवरून हात सर्रकन घसरला, मी दंड धरला म्हणून बरं. दुकानदाराला राग आला नाही. त्यानं चहा मागवला, खुर्ची ओढून बसला आणि कुतूहलानं विचारलं, "चाचा, दीवार पे चलना है क्या?"

"चलना नहीं, टेकना है," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळून हळूच, "तिला आता भिंत धरूनच उभं राहावं लागतंय. बसून आंघोळ कर म्हटलं की राग येतो. कुणाला सांगायची नाय ती."

स्टीलची दांडी का बसवत नाही, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली. "दांडी दवाखान्यात असते. घरी आल्यावर घर दिसलं पाहिजे."

दुकानदार चहा तसाच ठेवून आत गेला आणि मातकट रंगाची, जराशी खरखरीत टाइल घेऊन आला. या वेळी पाणी त्यानंच ओतलं. हात टेकला तिथंच राहिला.

सासूबाई आल्या, आंघोळ करून बाहेर पडल्या आणि असला मळका रंग कुणी निवडला म्हणून नाराज झाल्या. "दुकानात तेवढाच शिल्लक होता," सासरे म्हणाले. ताईनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली.

परवा ताई सांगत होती, सासूबाई आंघोळीला गेल्या की ते पेपर घेऊन दाराबाहेर स्टुलावर बसतात. पान काही उलटत नाहीत. आतलं पाणी थांबलं, की लगबगीनं पुढच्या खोलीत जातात आणि मघापासून तिथंच असल्यासारखे खुर्चीत बसून राहतात.