विजयवाड्यात तीन तास

पायाचे फोड वाळायच्या आतच आमच्या विद्यानगरच्या घरात समुद्राचं खूळ सुरू झालं. हैदराबादहून नागार्जुनसागर आणि तिथून अमरावतीचा स्तूप, अशी तेरा दिवसांची धम्मयात्रा मी विहारातल्या मंडळींबरोबर पायी करून आले होते. आल्या आल्या नवऱ्यानं जाहीर केलं, "तू पायी चालून आलीस, आता आम्ही तुला फिरवतो."

नवरा सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्यामुळे सहल म्हटली की आधी कागद आणि पट्टी. तेनालीला रेल्वे क्वार्टरमध्ये माझी धाकटी नणंद राहते. तिच्याकडे मुक्काम ठेवायचा, रोज सकाळी निघायचं, समुद्र बघून संध्याकाळी परत. पहिल्या दिवशी बापटल्याहून सूर्यलंका. दुसऱ्या दिवशी भट्टिप्रोलूचा जुना स्तूप आणि पुढं निजामपट्टणमचं बंदर. तिसऱ्या दिवशी मछलीपट्टण.

"तिसऱ्या दिवशी रेल्वेनं जाऊ," मी म्हणाले. "विजयवाड्याला गाडी बदलू. मधे तीन तास मिळतात."

"तीन तास तिथं काय माशा मारायच्या? रेपल्लेचा पूल ओलांडला की थेट बस आहे."

"मला बस लागते."

नवऱ्यानं चष्म्यावरून पाहिलं. "गौलीगुड्याच्या स्टँडवरून बसनं माहेरी जात होतीस तेव्हा नाही कधी लागली."

कॉलेजात जाणारी आमची लेक मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, "मम्मी, नक्को ना विजयवाडा. टाइम वेस्ट है वो. बीचपे जास्त थांबू."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी आपटली. खोटं बोलायची सवय नसली की माणूस चिडचिड करतं. माझं तसंच चाललं होतं.

गोष्ट अशी होती. मागच्या वर्षी लेकीला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स रोज खाली. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर राहणारी तेलुगू अक्का माझ्याजवळ बसून होती. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "विजयवाडेकी अम्मा को मैं मन्नत बोल देतूं तुमारी तरफ से. बच्ची अच्छी हुई तो तुम पहाड चढ के साडी चढाते. बोलो, हां." मी म्हणाले, "हां." दोनदा म्हणाले.

लेक बरी झाली. डॉक्टरांनी बरी केली, हे मला पक्कं ठाऊक आहे. दर रविवारी विहारात मी मुलांना बाराखडी शिकवते आणि बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेते. कुणा देवीला मानणार नाही, नवस करणार नाही, हे मीच त्यांना समजावते. आणि मीच देवीच्या डोंगराला हो म्हणून बसले होते. कुणाला सांगणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

अमरावतीला चालत गेले ते खरं तर यासाठीच. मनाला म्हटलं, शब्द कुठं तरी फेडला म्हणजे झालं. तेरा दिवस डांबरावर पाय भाजले. स्तूपाला प्रदक्षिणा घालताना कळलं, हाही नवसच झाला. उलट आता बुद्धालाही मी त्यात ओढलं होतं. सगळे हात जोडून शांत उभे होते आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

पण खरी भीती नणंदेची होती. दोन वर्षांपूर्वी ती विहारातल्या कार्यक्रमाला आली, तेव्हा तिच्या मनगटावर काळा दोरा होता. मी तिला मुलांपुढं उभं केलं, प्रतिज्ञा म्हणायला लावल्या आणि कात्रीनं तो दोरा स्वतः कापला. ती न जेवता तेनालीला निघून गेली. तेव्हापासून भावाशी बोलते, माझ्याशी नाही. तिच्या घरी उतरून, तिच्या नकळत, मी डोंगर चढून येणार होते. हे एकट्या अक्काला ठाऊक होतं.

दाराची बेल वाजली. नवऱ्यानं उघडलं. अक्का होती, हातात कागदात बांधलेली साडी.

"टिकट निकाले क्या भाईसाब? मैं भी आतूं. तुमारी मन्नत है, पर बोली तो मैं ना."

अक्कानं माझ्याकडं पाहिलं, काय ते ओळखलं, साडी टेबलावर ठेवली आणि गेली. नवऱ्यानं पेनाचं टोपण लावलं.

"मी हो म्हणाले होते," मी म्हणाले. सगळं सांगितलं. लेकीनं मोबाइल खाली ठेवला होता.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "माझ्या बहिणीला तू पोरांपुढं उभं केलंस. हे तिला तू सांगायचं. मी नाही." आणि त्यानं फोन लावून माझ्या हातात दिला.

"जयभीम, दादा," तिकडून आवाज आला.

"मी बोलतेय," मी म्हणाले. मी न थांबता बोलत सुटले. हॉस्पिटल, अक्का, डोंगर, विजयवाड्याचे तीन तास. सांगायचं काही उरलं नाही तेव्हा थांबले.

मग ती म्हणाली, "मला तेव्हा तिसऱ्यांदा दिवस गेले होते. कुणाला सांगितलं नव्हतं. आधीचे दोन गर्भ राहिले नव्हते, म्हणून शेजारणीनं दोरा बांधला. तोही गर्भ राहिला नाही. दोऱ्यानं काही राहत नसतं वहिनी, ते मलाही कळतं."

नवसानं प्लेटलेट्स वाढत नाहीत आणि दोरा कापल्यानं पोटातलं जात नाही, हे मी शंभरदा शिकवलंय, उद्याही शिकवीन. पण व्हरांड्यात मला हात धरायला कुणी तरी होतं. ती तशीच घाबरलेली माझ्या दारात आली, आणि मी तिला विचारलंसुद्धा नाही की बाई, कशासाठी बांधलायस.

"वहिनी, आहात ना?"

"आहे."

"या मग. डोंगरावर जायचं की नाही ते इथं आल्यावर बघू. पण वहिनी म्हणून या. मास्तरीण म्हणून येणार असाल तर येऊ नका."